शताब्दीचे हार नंतर, आधी बस आणा: बेस्ट समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, बेस्ट समिती,
तसेच मा. अध्यक्ष व सदस्य, स्थापत्य समिती (शहर) आणि स्थापत्य समिती (उपनगरे),
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. येत्या १५ जुलैला त्या सेवेला शंभर वर्षं पूर्ण होतील. समारंभ होईलच. ट्रामचे फोटो निघतील, डबलडेकरच्या आठवणी निघतील, आणिक आगारातलं संग्रहालय चार दिवस गजबजेल. माझी हरकत नाही. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मलाही आवडायची, आणि १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी झाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले ते पाहून बरंही वाटलं होतं. पण हार घालून निरोप देण्याची आपल्याला सवय लागू नये एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मानखुर्दला राहते. महापालिकेच्या शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झाले. आमचा एम पूर्व विभाग म्हणजे शहराने आपल्या सोयीसाठी ज्यांना उचलून दुसरीकडे ठेवलं अशा कुटुंबांचा मोठा पत्ता. रेल्वेच्या कामासाठी हटवलेले लल्लूभाई कंपाउंडला आले, रस्त्यांसाठी हटवलेले वाशी नाक्याला, तानसा जलवाहिनीलगतचे माहुलला. घर बदललं, काम बदललं नाही. बायका आजही चेंबूर, सायन, माटुंग्याला धुणीभांडी करायला, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला जातात. पुरुष दादरला, कुर्ल्याला. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांची शाळा जुन्या वस्तीजवळच राहिली होती, कारण वर्षाच्या मध्यात नाव काढणं आईबापांना पटत नव्हतं. गणवेशातल्या पालिकेच्या मुलांना बस मोफत आहे ही तुमची फार चांगली योजना. तिचं कौतुक मी पालकसभेत नेहमी करायचे. पण मोफत पासाला बस लागते. आमच्याकडे हजेरीपटावर लाल खुणा वाढल्या की त्याचं एक कारण ताप असायचं आणि एक कारण रस्ता.

म्हणजे माझं या विषयातलं गणित साधं आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही, दुचाकी नाही, लोकलचा जिना चढण्याएवढे गुडघे नाहीत किंवा घरापासून स्टेशन लांब आहे, त्यांच्यासाठी हे शहर बस जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच आहे. चेंबूरहून निघणारी मोनोरेल सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केली तेव्हा माहुलकडच्या लोकांना हे पुन्हा एकदा समजावून सांगावं लागलं नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी भाडं. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, वातानुकूलितचं ६ वरून १२. भाडं कधी वाढूच नये असं मी म्हणणार नाही. डिझेल, वीज, पगार सगळं वाढतं. पण दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या बाईचे रोजचे २० रुपये ४० झाले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० चे १,०४०. चार घरची कामं करणाऱ्या बाईच्या हिशेबात ही रक्कम गॅसच्या टाकीची आहे. आणि हे ठरलं तेव्हा तिच्या वतीने विचारायला कोण होतं? ७ मार्च २०२२ ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्याबरोबर तुमची समितीही उरली नाही. प्रशासकाने प्रस्ताव मांडला, प्रशासकाने मंजूर केला, वाहतूक प्राधिकरणाने शिक्का मारला. एकाही लोकप्रतिनिधीला हात वर करावा लागला नाही आणि खालीही करावा लागला नाही. त्यामुळे दोष तुम्हाला देत नाही. पण निवडणूक होऊन समिती पुन्हा आली, निर्णय आता तुमच्या ताब्यात आला आहे, आणि तो तसाच पुढे चालू ठेवलात तर तो तुमचाच.

जुलै २०१९ मध्ये हेच किमान भाडं ८ वरून ५ वर आणलं होतं, तेव्हा रिक्षाकडे गेलेले लोक बसकडे परत आले होते. आमच्या भागातही स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग आखडली आणि बसची वाढली. स्वस्त आणि भरपूर बस दिली तर मुंबईकर ती वापरतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. स्वस्त होती, भरपूर मात्र झाली नाही.

कारण दुसरी आणि मूळ तक्रार ताफ्याची आहे, आणि इथे मला थोडं मागे जावं लागेल. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा नऊ दिवसांचा संप झाला. पुढे जूनमध्ये कामगार संघटनेशी झालेल्या सामंजस्य करारात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बसचा ताफा ३,३३७ राखला जाईल असं लिहून दिलं गेलं. कागद आहे, सह्या आहेत. आज स्वमालकीच्या बस काहीशेवर आल्या आहेत. जुन्या गाड्या पंधरा वर्षांची मुदत संपली की भंगारात जातात आणि त्यांच्या जागी स्वतःची गाडी येत नाही, भाड्याची येते किंवा तीही येत नाही. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेला एकूण ताफा तीन हजारांच्या खाली गेला. केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या निकषांत चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची सव्वा कोटीच्या आसपासची लोकसंख्या घेतली तरी साडेसात हजारांच्या जवळ बस लागतात. २०११ नंतर मुंबईत कुणी आलंच नाही असं मानून हा हिशेब आहे.

त्यात एक चलाखी अशी की आपण बस मोजतो, जागा मोजत नाही. लांब बस गेली आणि तिच्या जागी आखूड मिडी बस आली तर तक्त्यात एकाला एक दिसतं. थांब्यावर मात्र माणसं उरतात. इयत्ता तिसरीच्या मुलाला मी असा हिशेब करू दिला नसता.

भाडेतत्त्वावरच्या बसबद्दल माझं मत टोकाचं नाही. खासगी म्हणजे वाईट असं मी धरून बसलेले नाही. या वातानुकूलित इलेक्ट्रिक गाड्यांत मे महिन्यात बसून पाहा, सुख म्हणजे काय ते कळतं. पण व्यवस्था कशी आहे पाहा. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल ठेकेदाराची, मार्ग आणि रंग बेस्टचा, पैसे किलोमीटरमागे. ठेकेदाराला परवडेनासं झालं की तो जातो आणि जाताना बस घेऊन जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका ठेकेदाराने अडीचशेहून जास्त छोट्या बस अशाच काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केलं, घाटकोपर-मुलुंडहून सुरू झालेलं लोण बहुतेक आगारांत पसरलं आणि शहराला कळलं की आपल्या बसच्या चाव्या आपल्याकडे नाहीत. त्या चालकांचाही राग येत नाही. एकाच मार्गावर, एकाच रंगाच्या दोन गाड्या चालवणाऱ्या दोघांना दोन वेगळे पगार असतील तर कमी पगाराचा माणूस टिकत नाही. तो टिकला नाही की नवा येतो, आणि नव्याला ना गाडीचा सराव असतो, ना गल्लीचा.

इथून पुढचं लिहिताना जपून लिहिते, कारण माणसं गेली आहेत. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला बारा मीटरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. २९ डिसेंबर २०२५ ला भांडुप स्टेशनबाहेर पुन्हा एक बस गर्दीत घुसली. दोन्ही गाड्या भाडेतत्त्वावरच्या होत्या. दोन्ही वेळा चालकाला अटक झाली. न्यायालय चालकांचं काय ते ठरवील, त्यात मी पडत नाही. पण चालकाला चाकामागे बसवण्याआधी किती तास शिकवलं, कुणी शिकवलं, कुणी पास केलं आणि तपासणीचा कागद कुणाच्या टेबलावर आला, हे प्रश्न न्यायालयाचे नाहीत, तुमचे आहेत. ही माणसं बसमध्ये नव्हती हेही लक्षात घ्या. ती रस्त्यावर होती, दोन्ही ठिकाणी स्टेशनच्या परिसरातल्या अशा रस्त्यावर जिथे पदपथावर चालता येत नाही, रिक्षा आणि फेरीवाल्यांमधून माणसं वाट काढतात आणि त्यातूनच बस वळते. म्हणून या पत्रावर स्थापत्य समितीचंही नाव आहे.

बस एका समितीची आणि रस्ता दुसऱ्या समितीचा, ही आपल्या कारभाराची जुनी अडचण. सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण जवळपास १७ हजार कोटी रुपये खर्चून चाललं आहे. खड्ड्यांपासून सुटका होणार असेल तर आनंदच आहे. पण रस्ता खोदला की बसथांबा उखडला जातो आणि तो कुठे गेला हे सांगणारी साधी पाटीही लावली जात नाही. बस दुसऱ्या गल्लीने जाते, म्हातारी माणसं जुन्या जागी उभी राहतात, मग कुणीतरी पोरगं येऊन सांगतं, ‘आजी, बस आता तिकडून जाते.’ काम संपल्यावर थांबा परत येतो तोही कधी गटाराच्या झाकणावर, कधी झाडाला खेटून, आणि पुढ्यात रिक्षांची रांग. बस मग दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते. खाली उतरायचं, रिक्षांमधून जायचं, वर चढायचं. कमी उंचीच्या पायरीची बस घेण्यावर खर्च केलेला पैसा तिथे दोन हातांच्या अंतरावर वाया जातो. नव्या झगमगीत निवाऱ्यांत जाहिरातीला दिव्यांची चौकट मिळाली आहे. बस क्रमांकांची यादी मात्र शोधावी लागते, आणि जाहिरातीचा फलक येणाऱ्या बसच्या बाजूला असल्यामुळे बसलेल्या माणसाला बस दिसत नाही. हे डिझाइन करणाऱ्याने एकदा तरी थांब्यावर बसून पाहिलं असेल असं वाटत नाही.

सागरी किनारा मार्गाच्या मूळ प्रस्तावात बससाठी स्वतंत्र मार्गिका होत्या. मार्ग झाला, जवळपास १४ हजार कोटी रुपये लागले, मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावरून बस जातेही. स्वतःची मार्गिका मात्र तिला मिळाली नाही. या मार्गावर मोटारींना टोल नाही, आणि त्यातून येणारा शून्य महसूल कुणी तोटा म्हणून मांडत नाही. बसच्या बाबतीत मात्र दरवर्षी तोट्याचा आकडा ठळक अक्षरांत येतो.

म्हणून पैशांबद्दलही बोलू. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टला १,००० कोटी दिले. शंभर रुपयांतला सव्वा रुपया, फार तर दहा पैसे वर. पूर्वी बेस्टच्याच शहर विभागातल्या वीजपुरवठ्यातून मिळणारा पैसा बसच्या तुटीला लागायचा. वीज ग्राहकांनी बसचा भार का सोसावा हा आक्षेप रास्त होता, ती वसुली थांबली. पण त्या जागी दुसरी कायमची सोय कुणी केली नाही. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याचा ठराव सभागृहात मंजूर होऊन कित्येक वर्षं लोटली. दरम्यान निवृत्त वाहक-चालक ग्रॅच्युइटीसाठी चकरा मारत आहेत. ज्यांनी आयुष्यभर ‘पुढे चला’ म्हटलं त्यांनाच आता ‘पुढच्या महिन्यात या’ ऐकावं लागतं.

आणि या पैशाच्या टंचाईवर जो उपाय सुचवला जातो तो आगारांच्या जमिनींचा. देवनार आणि दिंडोशीची नावं त्यात वारंवार येतात. बस घेण्यासाठी बसच्या जमिनी व्यापारी बांधकामाला देणं म्हणजे शेत विकून बैल घेण्यासारखं आहे. याआधीही काही आगारांचा असा विकास झाला. त्यातून बेस्टला किती येणं होतं, किती आलं आणि बस उभ्या करायची जागा किती उरली, याचा हिशेब आधी मांडा. इलेक्ट्रिक बसला तर रात्री चार्जिंगला उभं राहायला डिझेल बसपेक्षा जास्त सोय लागते. देवनारचं आगार आमच्या मुलांच्या शाळेच्या रस्त्यावर आहे. तिथे मनोरा उभा राहिला आणि बस लांबच्या आगारातून रिकाम्या धावत येऊ लागल्या, तर पहाटेची पहिली फेरी सगळ्यात आधी कापली जाईल. पहाटेच्या पहिल्या फेरीने कोण जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

मेट्रो आल्यावर बसची गरज कमी होईल असंही ऐकते. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, मी जाऊन आले, छान आहे. पण स्टेशनातून वर आल्यावर माणूस जिथे जायचंय तिथे पोहोचलेला नसतो. त्याला तिथून पुढे बस लागते, नाहीतर किमान २६ रुपयांची रिक्षा आणि तीही शहर विभागात मिळत नाही, टॅक्सी घ्यावी लागते ३१ रुपयांपासून.

तुमच्याकडून अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत.

जून २०१९ च्या करारातल्या ३,३३७ स्वमालकीच्या बसचं काय करणार, ते लेखी सांगा. दर वर्षी किती, कोणत्या लांबीच्या, कुठल्या पैशातून. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही. करार पाळायचा नसेल तर तेही ठराव करून, नावानिशी मतदान घेऊन सांगा.

बेस्टला दरवर्षी हात पसरायला लावण्याऐवजी पालिकेच्या अर्थसंकल्पातला ठरावीक वाटा द्या आणि विलीनीकरणाचा ठराव पुढे रेटा. निवृत्तांची देणी त्यातून सर्वात आधी.

मे २०२५ च्या भाडेवाढीचा आता लोकनियुक्त समितीने फेरविचार करावा. निदान पाच किलोमीटरपर्यंतचा टप्पा आणि बस बदलून प्रवास करणाऱ्यांसाठी एकच तिकीट, एवढं तरी तपासा. एका प्रवासाचं दोनदा किमान भाडं घेणं न्याय्य नाही, मग बस कितीही गार असो.

कुर्ला आणि भांडुपच्या अपघातांबाबत जी अंतर्गत चौकशी झाली असेल तिचा अहवाल प्रसिद्ध करा. भाडेतत्त्वावरच्या चालकाला किमान किती तासांचं प्रशिक्षण, कोणत्या लांबीच्या गाडीवर, कुणाच्या सहीने, हे करारातच घाला. समान मार्गाला समान वेतन हेही घाला. मग ठेकेदार महाग पडला तर पडू द्या. स्वतःची बस चालवण्याचा हिशेब तेव्हाच खरा समोर येईल.

कोणत्याही आगाराचा विकास प्रस्ताव समितीपुढे येण्याआधी त्या आगाराच्या विभागात जाहीर सुनावणी घ्या. आज जितक्या बस तिथे उभ्या राहतात तितक्या उद्याही राहिल्या पाहिजेत, ही अट निविदेच्या पहिल्या पानावर असावी.

बेस्ट समिती आणि दोन्ही स्थापत्य समित्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. रस्ता खोदण्याची परवानगी देतानाच पर्यायी बसथांबा आणि त्याची मराठीतली मोठी पाटी ठेकेदाराच्या कामात धरावी. थांब्याअभावी दंड व्हावा. स्टेशनबाहेरच्या रस्त्यांपासून सुरुवात करा, कुर्ला आणि भांडुपपासूनच करा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बसला स्वतःची मार्गिका मिळेल असे निदान काही रस्ते निवडा आणि वाहतूक पोलिसांना या बैठकीला बोलवा, म्हणजे पुढे एकमेकांकडे बोट दाखवणं संपेल.

रोज कोणत्या आगारातून किती बस निघाल्या आणि किती फेऱ्या रद्द झाल्या, हे दुसऱ्या दिवशी जाहीर करा. आकडे तुमच्याकडे असतातच. प्रत्येक बस आता ॲपवर दिसते, तर न निघालेली बस का दिसू नये?

तुमच्यापैकी काहींना मी ओळखते; निवडणुकीत तुम्ही आमच्या चाळीत आला होतात आणि बसचा विषय आम्ही काढला होता. त्या वेळी ‘समिती नाही, आमच्या हातात काय आहे’ असं उत्तर मिळालं, आणि ते खरंही होतं. तेव्हा ७ ऑगस्ट १९४७ ची एक गोष्ट मी सांगितली होती, ती इथेही नोंदवते. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, शहर निर्वासितांनी आणि भीतीने भरलेलं असताना, महापालिकेने ही बस कंपनी विकत घेतली. त्या सभागृहापुढे पैशांची अडचण तुमच्यापेक्षा कमी नसावी.

या पत्राला उत्तर मला व्यक्तिशः नको. समितीच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर वरच्या मागण्या विषय म्हणून घ्या, चर्चा इतिवृत्तात येऊ द्या आणि ते इतिवृत्त १५ जुलैच्या आत लोकांना वाचायला मिळू द्या. एम पूर्व विभाग कार्यालयात सुनावणी ठेवलीत तर आम्ही येऊ. वेळ मात्र संध्याकाळी सातनंतरची ठेवा, बायका कामावरून तेव्हा परततात.

कळावे,

आपली,
महापालिकेची एक निवृत्त शिक्षिका
मानखुर्द, मुंबई